प्रमाण सासूबाई

नर्सने डिस्चार्जच्या कागदावर ‘झोप’ असा शब्द लिहिला, त्याखाली एक रेघ मारली, समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आणखी एक रेघ मारली.

“बाळ झोपलं की तुम्ही झोपायचं. कपडे नाही, भांडी नाही, फोन तर मुळीच नाही. हेही औषधच समजा.”

“हो, हो,” ती म्हणाली. तिचं सगळं लक्ष बाळाच्या नाकाकडे होतं. डावी नाकपुडी उजवीपेक्षा जराशी लहान दिसत होती.

“नुसतं हो-हो नको. न झोपणाऱ्या आया मी ढिगाने पाहिल्यात. आधी चिडचिड, मग रडारड, मग छातीत धडधड. की आल्या परत आमच्याच दारात.”

“नाकपुडीचं काळजीचं काही नाही ना?”

नर्सने तिसरी रेघ मारली. त्या रेघेला कागद फाटला.

या गोष्टीला सात महिने झाले. मधल्या काळात बाळाने आपल्याकडून काही कमी केलं नव्हतं. मुलीचा रुबाब बघून तिच्या वडिलांनी तिला ‘मुकादम’ म्हणायला सुरुवात केली होती, आणि मुकादमाने चौथा महिना लागताच कामाच्या वेळा ठरवून टाकल्या होत्या. रात्री नऊला डोळे मिटायचे, सकाळी सहाला उघडायचे. मध्ये हूं नाही की चूं नाही. अशी पोर मिळायला भाग्य लागतं, असं शेजारणी म्हणायच्या आणि आपापली रडकी पोरं खांद्यावर टाकून निघून जायच्या.

आईला मात्र ते भाग्य सोसेना. रडणारं मूल निदान आहे हे तरी कळतं. गप्प झोपलेल्या मुलाचं काय समजायचं? ती दर पाऊण तासाने उठायची, दिवा लावायची आणि मुकादमाच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की जीव भांड्यात पडायचा. नाही लागला, तर ती हळूच तळपायाला गुदगुल्या करायची. मुकादम एक लाथ झाडायची आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागायची. आईचं काळीज मात्र पुढचा अर्धा तास जागच्या जागी धावत राहायचं.

ती काम करायची ती जागा उपकरणं तपासून देण्याची. वजनकाटे, तापमापक, रक्तदाबाची यंत्रं, असं काय काय दवाखान्यांतून आणि गोदामांतून तिथे यायचं. ते बरोबर मोजतंय का हे बघून दाखला द्यायचा. खोलीच्या मधोमध काचेच्या पेटीत एक पितळी वजन ठेवलेलं होतं. त्याला प्रमाण वजन म्हणत. त्याच्याबद्दल कुणी शंका घ्यायची नाही; बाकी सगळ्या जगाबद्दल घ्यायची. तिला हे काम लग्नाआधीपासून आवडत होतं. शंका घेण्याचा पगार मिळतो, अशी दुसरी नोकरी तिला ठाऊक नव्हती.

पण अलीकडे तिच्याच कामाबद्दल शंका यायला लागली होती. एका गोदामाच्या अजस्र वजनकाट्याच्या दाखल्यावर, जास्तीत जास्त क्षमता या रकान्यात, तिने ‘सात किलो चारशे ग्रॅम, मागच्या महिन्यापेक्षा दोनशेने जास्त’ असं लिहिलं होतं. एका तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला फोनवर “बस्, बस्, झालं हं, आता नाही रडायचं” म्हणाली होती. आणि त्या शुक्रवारी साहेब खोलीत आले तेव्हा ती रक्तदाबाचं यंत्र खांद्यावर टाकून, किंचित डुलत, त्याच्या पाठीवर थापट्या मारत उभी होती.

साहेबांना निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्यांना स्वतःच्या तीन मुली होत्या.

“ढेकर आला का?” त्यांनी विचारलं.

तिने यंत्र टेबलावर ठेवलं. कान लाल झाले होते.

“तपासून झालं हे, सर. पास आहे. सकाळीच सही केली.”

“मग आता स्वतःच्या हाताला लाव.”

“कशाला?”

“तोंडाकडे बघून सांगतोय. लाव.”

तिने पट्टा दंडाला गुंडाळला. यंत्राने घुर्र केलं, दंड आवळला, सोडला. एकशे चोपन्न. खाली अठ्ठ्याण्णव. ती एकतीस वर्षांची होती.

“चुकीचं आहे हे,” ती म्हणाली.

“सकाळी पास केलंस ना?”

“सर, हल्ली माझ्या सहीचा काय भरवसा?”

हे बाकी साहेबांना नाकारता येईना. “यंत्र घरी ने,” ते म्हणाले. “दोन दिवस सुट्टी घे. शांतपणे बसून पुन्हा मोज. आणि आकडे तसेच आले तर सोमवारी इथे यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. कळलं?”

तिला कळलं होतं, पण पटलं नव्हतं. कारण पटवून घेतलं असतं तर दुसरी एक गोष्टही कबूल करावी लागली असती. गेले तीन आठवडे तिच्या छातीत एखादा ठोका गाळला जायचा आणि त्यापुढचा धपकन पडायचा, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला काही झालं तर मुकादमाच्या नाकाखाली बोट कोण धरेल, या विचाराने ठोका आणखी एकदा गाळला जायचा.

शनिवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तीनदा मोजलं. सरासरी पुन्हा एकशे चोपन्न. तिने पेन्सिलीचं टोक चावलं. आता तिच्यातली शंकेखोर नोकरदार जागी झाली. शंका असलेलं यंत्र तपासायचं तर काय करतात? ज्याच्याबद्दल शंकाच नाही अशी वस्तू त्याला जोडून बघतात. घरात अशी वस्तू कोणती?

“आई,” तिने हाक मारली, “जरा इकडे येता?”

सासूबाई आल्या. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात मुकादम. त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या आणि आजवर एकदाही आजारी पडल्या नव्हत्या; म्हणजे पडल्या असतील तर कुणाला सांगितलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केली होती, कानाला यंत्र लावून, याची तार त्याला जोडून देत. अजूनही दारावरची घंटा वाजली की त्या “बोला!” म्हणत. “मला चार तास झोप पुरते,” हे वाक्य त्या दुसरा एखादा माणूस आपली पदवी सांगेल तसं सांगत.

“माझं कशाला बाई मोजतेस? मी ठणठणीत.”

“म्हणूनच.”

सासूबाईंनी इस्त्री उभी केली, मुकादमाला सुनेच्या मांडीवर दिलं, दंड पुढे केला. घुर्र. एकशे अठ्ठ्याहत्तर. पुन्हा. एकशे ब्याऐंशी. पुन्हा. एकशे सत्त्याहत्तर.

“जास्त आले ना?” सासूबाई खुशीत म्हणाल्या. “मी शाळेतसुद्धा कधी कमी मार्कांनी पास झाले नाही.”

आणि त्या इस्त्री करायला निघून गेल्या.

तिचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी खुलला. तिने वहीत व्यवस्थित रकाने आखले. ठणठणीत माणसाचा वरचा आकडा असायला हवा एकशे पंचवीसच्या आसपास. यंत्र दाखवतं एकशे एकोणऐंशी. म्हणजे यंत्र चोपन्न जास्त दाखवतं. म्हणजे आपला खरा आकडा एकशे चोपन्न वजा चोपन्न. शंभर. शंभर! जास्त कुठला, उलट कमीच. म्हणून तर गरगरतंय. तिने त्याखाली दोन रेघा मारल्या, एका ग्लासात मीठ-साखर-पाणी ढवळलं आणि घटाघटा प्यायली. दुपारी आणखी एक. संध्याकाळी दोन.

रविवारी सकाळपर्यंत तिच्या बोटातली अंगठी रुतायला लागली होती आणि कानात कुणीतरी दूरवर गालिचा झटकत होतं. टॉवेलाची घडी उलटी घातली म्हणून तिला नवऱ्यासमोर रडूही आलं.

“टॉवेलच आहे गं,” नवरा म्हणाला.

“तुला टॉवेलच दिसतो!”

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून शांतपणे कसं बोलत राहायचं याचं त्याला रीतसर शिक्षण मिळालेलं होतं, पण ते घरात लागू पडत नाही असा त्याचा अनुभव होता. त्याने टॉवेल पुन्हा घडी करून ठेवला, केळं सोललं आणि टेबलावरच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

“हे काय आणलंस? मलाही लाव की.”

“बिघडलेलं आहे. चोपन्न जास्त दाखवतं.”

“असू दे. गंमत.”

तिने पट्टा लावला. तो डाव्या हाताने केळं खात बसला. घुर्र. एकशे बावीस.

तिने सवयीने वही ओढली. एकशे बावीस वजा चोपन्न. अडुसष्ट. तिने पुन्हा वजाबाकी केली.

“काय झालं?”

“अडुसष्ट येतंय.”

“बरं की वाईट?”

“अडुसष्टला माणूस उभा राहत नाही. तू... म्हणजे या हिशेबाने तू बेशुद्ध आहेस.”

“मला कुणी कळवलं नाही,” तो केळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला.

तिला हसू आलं. हसता हसता ती थांबली. समोर टुणटुणीत माणूस बसला होता, गाल फुगवून केळं चावत होता, आणि यंत्र त्याच्याबद्दल अगदी खरं ते सांगत होतं. त्याच्यासाठी खरं सांगणारं यंत्र सासूबाईंसाठी खोटं कसं सांगेल? तिची नजर वहीत पहिल्या ओळीवर गेली. एकशे चोपन्न, तिचे स्वतःचे. मग दुसऱ्या ओळीवर. एकशे एकोणऐंशी, सासूबाईंचे.

आतल्या खोलीत सासूबाई मुकादमाला उचलून, खाली ठेवून, पुन्हा उचलून काहीतरी मोठमोठ्याने मोजत होत्या.

“तुझ्या आईला खाली बसव,” ती हळूच म्हणाली. “पळापळ न करता. त्यांच्या हातून बाळ घे, आणि त्यांना बसव.”

सोमवारी तिघंही डॉक्टरांच्या खोलीत ओळीने बसली होती. मुकादम नवऱ्याच्या मांडीवर होती. डॉक्टरबाई तरुण होत्या, केस वर बांधलेले, आवाज बारीक. त्यांनी दोघींचंही बीपी स्वतः मोजलं, दोघींच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढायला लावला, आणि वहीतला रकान्यांचा तक्ता वाचताना ओठ घट्ट मिटून घेतले.

“मीठ-पाणी कुणी सांगितलं?”

“वजाबाकीने,” ती म्हणाली.

“आजपासून बंद. यंत्र उत्तम आहे. आमचं आहे त्याच्यापेक्षा चांगलं आहे.” डॉक्टरबाईंनी पेन हातात घेतलं. “बाळ रात्रीतून किती वेळा उठतं?”

“एकदाही नाही.”

“एकदाही? मग तुम्ही का उठता?”

“ते उठत नाही म्हणून.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मुकादमाने जांभई दिली. खोलीत तीच एक ताजीतवानी होती.

“बघा,” त्या म्हणाल्या, “झोपेत बीपी खाली उतरतं, ठोके मंदावतात. हृदयाला दिवसभरात तेवढीच उसंत. तुम्ही सात महिने ती मिळूच दिली नाहीत. मग ते असे जास्तीचे ठोके टाकतं, बीपी वर नेतं, डोकं चालत नाही, रडू येतं. आलेखात आत्ता घाबरण्यासारखं काही नाही. पण हे असंच वर्षानुवर्षं चाललं तर घाबरण्यासारखं होतं. तुम्हाला मी आज गोळी देत नाही. पंधरा दिवस सात तास झोपायचं, आणि मग परत मोजायचं.” त्यांनी खुर्ची वळवली. “आणि आजी, तुम्हाला मात्र गोळी आजपासून, आणि रक्ताच्या तपासण्या उद्याच. तुम्ही किती झोपता?”

“चार तास. मला पुरतात.”

“आई,” नवरा म्हणाला.

“बरं, तीन.”

“आई.”

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “सलग नाही होत गं. त्याला मी काय करू? तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागला की उठायचं, हेच अंगात भिनलंय. हिच्या खोलीतला दिवा दाराच्या फटीतून दिसतो. तो लागला की मला जाग येते. मग वाटतं, ही इतक्यांदा उठते, हिला घेरी आली, पडली बिडली तर? म्हणून येऊन बसते बाहेर, स्टुलावर. दिवा बंद झाला की जाते.”

ती सासूबाईंकडे वळली. “रोज?”

“बाळ झालं तेव्हापासून.”

“मला कधी दिसला नाहीत.”

“तू बाहेर कुठे बघतेस? तू आतच बघतेस.”

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. तिने पर्समधून रुमाल काढायला हात घातला आणि हाती आलेल्या मुकादमाच्या टोपड्यानेच डोळे पुसले.

डॉक्टरबाईंनी पुढे नवऱ्याकडे पाहिलं. “आणि तुम्ही?”

“मी?” नवरा म्हणाला. “मी झोपतो.”

दोघींनी एकदम माना वळवल्या. सात महिन्यांत सासू-सुनेचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

“म्हणजे,” तो घाईने म्हणाला, “आजवर झोपत होतो.”

त्या संध्याकाळी घरात नव्या वेळा ठरल्या. मुकादमाचा पाळणा नवऱ्याच्या बाजूला गेला. सासूबाईंच्या दाराखालची फट जुन्या चादरीने बुजवण्यात आली. सासूबाई त्याला विरोध करत होत्या. “लिफ्टलासुद्धा आम्ही महिन्यातून एकदा पाटी लावून बंद ठेवतो,” नवरा म्हणाला. “लोक ओरडतात. पण दोरखंड तुटला तर त्याहून जास्त ओरडतील.” त्यावर सासूबाईंनी चादरीचं टोक स्वतःच फटीत खोचलं. मुलाने एवढं लांबलचक बोलण्याची सवय त्यांना नव्हती.

ती झोपली ती धरणीला पाठ टेकावी तशी. मध्ये काय झालं ते तिला सांगता येणार नाही, कारण मध्ये काही झालंच नाही.

तिचे डोळे उघडले तेव्हा भिंतीवर ऊन होतं. क्षणभर तिला खोली कुणाची ते कळेना. मग कळलं आणि ती ताडकन उठून पाळण्याकडे धावली. मुकादम पाठीवर पडून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होती. तिने आईकडे पाहिलं आणि उशीर केल्याबद्दल जाब विचारावा तसा आवाज काढला. आईने तिला उचलून छातीशी धरलं. छातीतले ठोके सगळे जागच्या जागी होते. निदान तिने मोजले तेवढे तरी. पलंगाची दुसरी बाजू रिकामी होती. चादरीवर एकही सुरकुती नव्हती.

ती बाहेर आली. घर शांत होतं. या वेळेपर्यंत सासूबाईंची निम्मी कामं उरकलेली असायची. आज भांड्याला भांडं लागल्याचाही आवाज नव्हता. ती पावलं न वाजवता बोळाच्या टोकाशी वळली.

सासूबाईंच्या बंद दाराशी, भिंतीला टेकून, जमिनीवर नवरा बसला होता. कामावरचा विजेरी दिवा कपाळाला बांधलेला, डोळे तांबारलेले, कान दाराला. तिला पाहताच त्याने ओठांवर बोट ठेवलं.

“कधीपासून बसलायस?” ती कुजबुजली.

“दोनपासून. आधी तुझ्याकडे होतो. मग मुकादमाकडे. मग म्हटलं, आईची नवीन गोळी आहे, एकदा बघून यावं.” त्याने डोळे चोळले. “मध्ये घोरणं थांबलं होतं तिचं. दार उघडून आत गेलो, तर कूस बदलून पुन्हा सुरू. पण झोपली आहे हं. साडेनऊपासून झोपली आहे.”

आतून खरंच घोरण्याचा आवाज येत होता. चांगला दणदणीत, आजवर शिल्लक ठेवलेला असावा असा. तिघं जण तो ऐकत थांबली. मुकादमाने बापाच्या कपाळावरचा दिवा ओढला आणि तो सुटून त्याच्या नाकावर आला. त्याला तो वर करण्याचंही भान राहिलं नाही. तो बसल्या बसल्या पेंगायला लागला होता.

तिने मूल एका कडेवर सरकवलं आणि मोकळा हात त्याच्यापुढे केला.

“ऊठ,” ती म्हणाली. “कामावर मी फोन करते. तू जा, झोप.”

“आणि इथे कोण बसणार?”

“कुणी नाही.”

त्याला ते पटलं नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी तो उठला, भिंत धरत खोलीकडे गेला. थोड्या वेळाने ती आत डोकावली. तो दिवा नाकावर तसाच घेऊन आडवा झाला होता, तोंड उघडं. नाकाखाली बोट धरावं असं तिला फार वाटलं. तिने ते धरलं नाही. दिवा काढून ठेवला, पडदा ओढला आणि बाहेर आली.

आता हे वाचून झालं असेल तर एक काम करा. घरातलं लहान मूल बघून झालं असेल, आजारी माणूस बघून झालं असेल. तुम्ही बघालच, त्याची मला काळजी नाही. पण जे माणूस सगळ्यांना बघायला उठतं, ज्याला कधी कुणी विचारत नाही, ते आत्ता कुठे आहे? जाऊन बघा. आणि झोपलेलं असेल, तर दिवा न लावता मागे फिरा.